कच्ची वही रद्दीत टाकू नका

डिजिटल मीडिया आणि डिझाइन शिकायला, तेही कला शाखेच्या पदवीतून, परदेशी आलेले सगळे पहिल्या आठवड्यात एकच विचारतात: कोणतं सॉफ्टवेअर शिकून ठेवू? मीही विचारलं होतं. सॉफ्टवेअर येतं हो, चार रात्री जागून बसलं की येतंच. घोडं अडतं ते दुसरीकडे.

आपल्याला शाळेपासून दोन वह्यांची सवय. गुण पक्क्या वहीला, कच्ची रद्दीत. माझ्या पहिल्या प्रकल्पाचं पोस्टर मी चकचकीत करून नेलं. शिक्षिकेने ते दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "बाकीचं कुठंय?" बाकीचं म्हणजे फसलेली रेखाटनं, सोडून दिलेले रंग, अर्धवट मांडण्या. ते सगळं मी आदल्या रात्री आवरून टाकलं होतं. विचार कसा पुढे सरकला याला वेगळे गुण होते आणि माझ्याकडे दाखवायला कपटाही नव्हता. तेव्हा खोडलेलंही जपा. कागदांचे फोटो काढा, फाइलवर तारीख घाला, जुन्या फाइलवर नवी सेव्ह करू नका.

मग येतं क्रिट. काम भिंतीवर लावायचं, आपण थोडं बोलायचं आणि सगळ्या वर्गाने त्यावर बोलायचं. पहिल्यांदा चारचौघांत पाणउतारा झाल्यासारखं वाटतं. तसं नसतं; चर्चा कामाची असते, तुमची नाही. "निळा का?" याला "छान दिसतो" हे उत्तर चालत नाही. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं का वाचवत नाहीत, हे मात्र आकड्यात सांगता येतं: वेबवरच्या साध्या मजकुरासाठी निदान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक हवा, असं सुगम्यतेचे, म्हणजे कमी दिसणाऱ्यांनाही वाचता यावं यासाठीचे निकष म्हणतात. गप्प बसणं म्हणजे नम्रपणा, असं तिथे कुणी धरत नाही. दुसऱ्याच्या कामावरही बोला.

पहिल्या वर्षी कागद, तार, कापडाच्या चिंध्या हातात देतात, तेव्हा "संगणक कुठे?" म्हणून चिडू नका. १९१९ साली जर्मनीतल्या वायमारमध्ये सुरू झालेल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेत योहानेस इटेन या शिक्षकाने असाच पायाभूत वर्ग घेतला होता. पुढे तो वर्ग तिथल्याच मोहोली-नॉज आणि योझेफ आल्बर्स या शिक्षकांकडे आला. १९३३ साली नाझींच्या दबावाखाली संस्था बंद पडली. आल्बर्स त्याच वर्षी अमेरिकेत गेला, मोहोली-नॉज १९३७ मध्ये शिकागोला. म्हणजे ही शिकवण्याची पद्धत जगभर पोचली, त्यातही मोठा वाटा स्थलांतरितांचाच.

निबंधांचं थोडक्यात: मजकुरासारखाच चित्रांचा आणि फॉन्टचाही स्रोत द्यावा लागतो. शोधून सापडलेलं चित्र फुकट असतंच असं नाही, परवाना वाचा.

एखाद्या कामात देवनागरी जरूर वापरा, तिथे तुमची नजर वर्गात सगळ्यांपेक्षा तयार असेल. इंग्रजी अक्षरांसारखं अंतर वाढवलंत की शिरोरेषा तुटते. ओळी जवळ आणल्यात की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. मराठी ल आणि श हिंदी वळणाचे उमटले, तर फाइलची भाषा मराठी निवडून पाहा. फॉन्टमध्ये सोय असेल तर अक्षरं बदलतात. माझी सगळ्यात रंगलेली क्रिट याच तुटक्या शिरोरेषेवर झाली होती.

ॲनिमेशन घेतलंत तर आधी गुणाकार करा. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, तर मिनिटाला १४४०. एका फ्रेमच्या रेंडरला, म्हणजे संगणकाने ते चित्र पूर्ण तयार करायला, पाच मिनिटं धरली तर १२० तास, अख्खे पाच दिवस. प्रयोगशाळेतली यंत्रं सबमिशनच्या आठवड्यात कुणालाच मोकळी मिळत नाहीत, म्हणून पहिलं रेंडर आठवडाभर आधी, लहान आकारात लावा.