कागद गुंडाळलेली गोळी नळीत जाईना, तेव्हा

इथे टेक्सासमध्ये माझ्याकडे .45-70 या काडतुसाची जुन्या घाटाची रायफल आहे. साच्यातून ओतलेली शिशाची गोळी 0.446 इंच भरायची. 0.002 इंच जाडीच्या कागदाचे दोन वेढे दिले की व्यास चार जाडींनी वाढतो, म्हणजे 0.454. नळीचा आतला व्यास मात्र 0.450! गोळी अडायची, कागद फाटायचा.

शेवटी गोळीच बारीक केली. एका दमात दाबली तर वाकडी झाली, म्हणून आधी 0.444 ची डाय (गोळी ज्या भोकातून दाबून बारीक करतात ते साधन), मग 0.442 ची, दोन्ही वेळा लॅनोलिनचा (लोकरीतून निघणाऱ्या मेणाचा) हलका हात लावून. ते नंतर स्पिरिटने पुसायचंच, नाहीतर कागद घसरतो. वीस भाग शिशाला एक भाग कथील, इतकं मऊ मिश्रण छान दबतं. कागद ओला करून गुंडाळला, रात्रभर वाळवला. आता गोळी बोटाने अलगद सरकते.