कंट्री बॅलड गाताना आवाज कसा लावावा

अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या कंट्री संगीतातलं बॅलड, म्हणजे संथ प्रेमगीत, ऐकायला फार सोपं वाटतं. तीन-चार कॉर्ड, संथ लय, रोजच्या बोलण्यातले शब्द. गायला घेतलं की कळतं, लपायला जागाच नाही.

म्हणून सुरुवात गाण्यापासून नकोच. शब्द कागदावर उतरवा आणि समोर एकच माणूस बसलाय असं धरून ते नुसते बोला. बोलताना जिथे आपसूक थांबता तिथे पेन्सिलीने रेघ मारा. श्वास तिथेच घ्यायचा. ‘आय लव्ह’ आणि ‘यू’ यांच्यामध्ये श्वास घेतला तर ऐकणाऱ्याला प्रेमाऐवजी दम्याची शंका येते.

मग पट्टी. मूळ गायकाच्या पट्टीचा हट्ट धरू नका. कडवं तुमच्या बोलण्याच्या आवाजाजवळ यायला हवं. या गाण्यांत शेवटचं ध्रुवपद पुष्कळदा अर्धा किंवा एक स्वर वर चढतं, तेव्हा पट्टी ठरवताना आधी तेच गाऊन बघा.

श्वास घेताना खांदे उचलू नका, बरगड्या बाजूंना फुलू द्या. बरगड्यांचं मोल कंट्री गायिका पॅट्सी क्लाइनला नीट कळलं असेल. १९६१ मध्ये मोटार अपघातात ती जबर जखमी झाली आणि काही आठवड्यांनी ‘क्रेझी’ हे गाणं रेकॉर्ड करायला गेली. बरगड्या इतक्या दुखत होत्या की वरचे स्वर लागेनात. तेव्हा वाद्यं आधी रेकॉर्ड झाली आणि आवाज तिने थोडी बरी झाल्यावर येऊन दिला.

ते गाणं लिहिणारा विली नेल्सन स्वतः गातो तेव्हा ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळतो. हे जमवायला मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, मिनिटाला ७० ठोक्यांवर लावा. एक ओळ अगदी ठेक्यावर गा. तीच ओळ पुन्हा गाताना पहिला शब्द उशिरा उचला, पण शेवटचा शब्द वेळेवर पोहोचवा. आठवडाभर हे चुकेल. बहुतेकांची लयच ढिली पडते. रेंगाळायचं ते शब्दांनी, मनातला ठेका हलता कामा नये.

आता या गायकीची खरी ओळख: आवाजातला हुंदका. छातीचा आवाज क्षणभर तुटून वरच्या पातळ आवाजात जातो. किशोरकुमारचं यॉडलिंग आपल्या कानात आहेच. हा त्याचाच हळुवार भाऊ. खालच्या स्वरावर ‘ओ’ आणि वरच्या स्वरावर ‘ई’ असं हलक्या आवाजात म्हणा आणि मधला सांधा न लपवता तुटू द्या. घसा आवळला किंवा दुखला तर थांबा. अख्ख्या गाण्यात असे हुंदके दोन पुरे, तेही ज्या शब्दावर काळीज हलतं तिथेच. प्रत्येक ओळीला रडलात तर लोक चहा प्यायला उठतील.

मागे वाजणारी पेडल स्टील गिटार (आडवी ठेवून, तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवतात ती) स्वरावरून स्वरावर घसरत जाते. तिचं मूळ हवाई बेटांवरच्या स्टील गिटारमध्ये आहे. आपल्याला मींड ठाऊक असल्याने हे सोपं जातं. अवघड असतं मुरकी आवरणं. भावगीतावर वाढलेला गळा रिकामी जागा दिसली की हरकत घेतोच. घेऊ नका.

उच्चारांत दोन गोष्टी सांभाळा. ‘नाइट’ लांबवताना ‘ना’वर थांबा, ‘इ’ अगदी शेवटी येऊ द्या. आणि ‘हार्ट’मधला ‘ट’ आपण जीभ मागे वळवून ठोकतो, तो फार जड पडतो; जीभ वरच्या दातांमागच्या हिरडीला हलकेच लावा. टेक्सासचा माणूस असल्याचं सोंग मात्र आणू नका.

त्या आवाजातली ती खणखणीत धार नाकातून येते असा समज आहे, पण तो खरा नाही. बदकासारखं ‘क्वॅक’ म्हणा, नंतर त्यातला ‘ॲ’ धरून ठेवत नाक चिमटीत पकडा. आवाज बदलला नाही तर धार योग्य जागेवर आहे. बॅलडमध्ये ती चिमूटभरच लागते.

माइक कडव्यात तोंडापासून तीन-चार बोटांवर ठेवा, जवळून आवाजाला ऊब येते. ध्रुवपदाच्या वरच्या स्वराला तो वीतभर दूर न्या. शेवटच्या ओळीला पुन्हा जवळ या, आवाज बोलण्याइतका खाली आणा, आणि शेवटचा स्वर ताणत न बसता स्टील गिटारच्या हवाली करा.