संदर्भसूचीच्या सॉफ्टवेअरची परीक्षा कशी घ्यावी

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात किंवा धुळे-नंदुरबारच्या एखाद्या महाविद्यालयात मराठी, अहिराणी वा इतिहास या विषयांवर प्रबंध लिहिणाऱ्याला संदर्भसूची तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी झोटेरो, मेंडेली की एंडनोट असा प्रश्न पडतो, तेव्हा बहुधा कोणाकडे संदर्भ मांडण्याच्या किती शैली आहेत एवढेच सांगितले जाते. त्या आकड्यावरून काही ठरत नाही. झोटेरो आणि मेंडेली ही दोन्ही सॉफ्टवेअर सीएसएल या एकाच खुल्या शैलीभाषेवर चालतात. एंडनोटच्या शैली स्वतंत्र आहेत. खरा प्रश्न असा आहे की, आपल्या विषयातल्या अवघड नोंदी त्या शैलीतून बिनचूक बाहेर पडतात का.

त्यासाठी प्रथम विद्यापीठाने किंवा मार्गदर्शकांनी सांगितलेल्या शैलीची नेमकी आवृत्ती निश्चित करावी. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भशैली) हिच्या 2019 साली आलेल्या सातव्या आवृत्तीने ग्रंथाच्या नोंदीतून प्रकाशनस्थळ वगळले आणि तीन किंवा अधिक लेखक असतील तर पहिल्या उल्लेखापासूनच मजकुरात पहिल्या लेखकापुढे ‘व इतर’ लिहिण्याचा नियम केला. तेव्हा विभागाने दिलेल्या नमुन्यात ‘पुणे’ किंवा ‘धुळे’ असे स्थळ छापलेले असेल, तर तो नमुना बहुधा सहाव्या आवृत्तीचा असतो, आणि सातव्या आवृत्तीच्या शैलीला त्यावरून चूक ठरवणे अन्यायाचे होईल. त्यानंतर आठ-दहा नोंदी निवडून त्यांचे योग्य रूप नियमपुस्तिकेवरून हाताने लिहून काढावे. हा टप्पा टाळू नये, कारण पडद्यावर नीटनेटकी दिसणारी सूची बरोबरच असेल असे आपण नकळत गृहीत धरतो.

नोंदी मुद्दाम अडचणीच्या घ्याव्यात. खानदेशात पाटील, चौधरी आणि महाजन ही आडनावे पदोपदी भेटतात, म्हणून ‘रमेश पाटील’ आणि ‘राजेंद्र पाटील’ अशा दोन काल्पनिक लेखकांची एकाच वर्षाची पुस्तके नोंदवून पाहावीत. एपीएनुसार समान आडनावाच्या लेखकांपुढे मजकुरातही आद्याक्षरे यायला हवीत. मराठीत ती ‘र.’ आणि ‘रा.’ अशी वेगळी होतात. परंतु सॉफ्टवेअरने काना-मात्रा सोडून केवळ पहिला वर्ण उचलला, तर दोन्ही लेखक ‘र. पाटील’ होतात आणि वाचकाला त्यांतला फरक कळत नाही. तसे आढळल्यास नावाच्या रकान्यात आद्याक्षरेच भरून पुन्हा पाहावे. एकाच लेखकाचे एकाच वर्षाचे दोन लेखही घ्यावेत, म्हणजे वर्षापुढे ‘अ’, ‘ब’ येते की रोमन अक्षर, हे समजेल.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील एखाद्या अप्रकाशित कागदाची नोंदही संचात हवीच. ती ‘हस्तलिखित’ या प्रकारात भरून संग्रहाचे नाव आणि दप्तराचा क्रमांक त्यांच्या स्वतंत्र रकान्यांत लिहावा व छापील सूचीत दोन्ही उतरतात का हे तपासावे. माझ्या मते इतिहासाच्या विद्यार्थ्याने शैलीची पारख याच नोंदीवर करावी. जुन्या पुस्तकावर शके असेल तर त्यात 78, आणि शकवर्षाच्या अखेरच्या महिन्यांसाठी 79, मिळवून इसवी सन भरावा. सन देवनागरी अंकांत लिहिला असता तारीख ओळखली जाते का, तेही पाहावे.

वर्णानुक्रम हा स्वतंत्र विषय आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, म्हणून ‘कासार’ आधी आणि ‘काळे’ नंतर यायला हवे. संगणकात अक्षरे साठवणाऱ्या युनिकोडच्या संकेतांकांत मात्र ‘ळ’ हा ‘ल’जवळ असल्यामुळे काही ठिकाणी हा क्रम उलटतो. शैलीची भाषा एकदा मराठी आणि एकदा इंग्रजी ठेवून दोन्ही वेळा सूची काढावी.

चूक सापडल्यावर दोष कोणाचा हे आधी ठरवावे. तीच नोंद एपीए आणि शिकागो या दोन्ही शैलींत काढावी. झोटेरोच्या सेटिंगमध्ये निवडलेल्या नोंदी सर्व स्थापित शैलींत एकत्र दाखवण्याची सोय आहे. दोन्हींकडे चूक असेल तर बहुधा आपण माहितीच चुकीच्या रकान्यात भरलेली असते. एकाच शैलीत असेल तर त्या शैलीची फाइल तपासावी. तीच सीएसएल फाइल दोन सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळे रूप देत असेल, तर त्या सॉफ्टवेअरच्या गाभ्याकडे बोट दाखवावे लागते. इंग्रजी ‘अँड’ किंवा ‘एट अल’ राहणे हा शब्दांचा प्रश्न आहे: शैलीच्या फाइलमध्ये मराठी भाषेचा विभाग जोडून तेथे ‘आणि’, ‘व इतर’, ‘संपा.’ असे शब्द देता येतात. रोमन लिपीत लिहिलेल्या मराठी शीर्षकांतील प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे होत असेल, तर त्या नोंदीच्या भाषेच्या रकान्यात मराठीचा संकेत भरावा.

शेवटी हाच संच वर्डमध्ये उतरवून तिरप्या ठशातले देवनागरी शीर्षक नीट वाचता येते का, तळटिपा आणि सूची जुळतात का, हे कागदावर छापून पाहावे. प्रबंध सादर करण्यापूर्वी वर्डमधील संदर्भ आणि सॉफ्टवेअर यांच्यातील जिवंत जोडण्या तोडाव्या लागल्यास मूळ फाइलची प्रत आधी वेगळी ठेवावी, कारण त्यानंतर परीक्षकांनी सुचवलेली प्रत्येक दुरुस्ती हातानेच करावी लागते.