लढाऊ विमानाचं नाक कसं वाचावं

चौकात उभ्या केलेल्या मिगपाशी लोक शेपटीकडे उभे राहून फोटो काढतात. मी आधी नाकापाशी जातो. ओझरच्या विमान कारखान्यात मिग-२१ च्या रडारच्या डब्यांवर हयात गेली, त्याची ही खोड. पण खरं सांगतो, रडार कसं कसं बदलत गेलं ते नाकावरच दिसतं. बघायला फक्त शिवणाच्या डब्यातली कापडी टेप लागते. पोलादी नको, रंगावर ओरखडे उठतात आणि पहारेकरी अंगावर येतो.

आधी बघायचं ते हे: अँटेना बाहेर आहे की आत?

नाकावर दांड्या बाहेर आल्या असतील तर विमान बहुतेक दुसऱ्या महायुद्धातलं. त्यातली एक दांडी टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ही झाली साधारण तरंगलांबी. ती मीटरमध्ये घेऊन तिने ३०० ला भागा की मेगाहर्ट्‌झ मिळतात. जर्मनांचं लिश्टेनश्टाइन रडार ४९० मेगाहर्ट्‌झवर चाले. उलटा हिशेब करा: लहर ६१ सेंटिमीटरची, म्हणजे दांडी फूटभराची.

हे रडार लावलेलं एक युंकर्स ८८ विमान त्याच्या वैमानिकांनीच ९ मे १९४३ रोजी स्कॉटलंडमध्ये डाइसला नेऊन उतरवलं, आणि इंग्रजांच्या हाती ते आयतं लागलं. आज ते कॉसफर्डच्या संग्रहालयात आहे. मुलगी बर्मिंगहॅमला असते, तिच्याकडे गेलो तेव्हा टेप खिशात घेऊनच गेलो होतो. पण मध्ये दोरी. अशा वेळी अगदी समोरून फोटो घ्या. फलकावर पंखांचा पसारा दिलेला असतो, त्याच्याशी दांडीचं प्रमाण काढा. नाक पंखांपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ असल्याने दांडी थोडी मोठी दिसते, म्हणून जमेल तितकं मागे सरून फोटो काढायचा. शिवाय जुन्या विमानावरचा अँटेना कधी कधी नंतर बनवून बसवलेला असतो. फलक नीट वाचा.

आता गंमत बघा. जर्मनांच्या पुढच्या रडारच्या, एसएन-२ च्या, दांड्या दीड मीटरच्याही वर गेल्या. हरणाची शिंगंच म्हणत त्यांना. तंत्र पुढे जातं तशी लहर आखूड होत जाते असा आपला समज, मग हे उलटं का? जुलै १९४३ मध्ये हँबर्गवर हल्ला करताना इंग्रजांनी धातूच्या पट्ट्यांचा पाऊस पाडला. पट्टीची लांबीही शत्रूच्या लहरीच्या निम्मीच कापलेली. स्कोपवर, म्हणजे रडारच्या पडद्यावर, खोटी विमानंच विमानं! त्यातून सुटायला जर्मन लांब लहरीकडे पळाले, आणि ती शिंगं वाऱ्यात धरून विमानाचा वेग घालवून बसले.

अँटेना आत असेल तर आधी बर्मिंगहॅम विद्यापीठाची आठवण काढा. फेब्रुवारी १९४० मध्ये रँडल आणि बूट यांनी तिथे तांब्याच्या ठोकळ्यात पोकळ्या कोरलेला मॅग्नेट्रॉन, म्हणजे आखूड रेडिओलहरी जोरात निर्माण करणारी नळी, चालवून दाखवला, लहर सुमारे १० सेंटिमीटरची. त्याआधीचं इंग्रजी रडार दीड मीटरच्या लहरीवर चाले. त्याचा झोत सगळीकडे फाकायचा, खालच्या जमिनीवरही आदळायचा. विमान तीन किलोमीटर उंचीवर असेल तर तीन किलोमीटरच्या पुढचं काही दिसायचं नाही, जमिनीचाच प्रतिध्वनी स्कोप भरून टाकायचा.

झोताचा अंदाज असा काढा: तरंगलांबीला तबकडीच्या, म्हणजे नाकातल्या वाटीसारख्या अँटेनाच्या, व्यासाने भागा आणि ७० ने गुणा. उत्तर अंशांत येतं. ७० सेंटिमीटरची तबकडी आणि १० सेंटिमीटरची लहर, म्हणजे १० अंश. तीच तबकडी ३ सेंटिमीटरला वापरली की ३ अंश. ब्रिटिश बोफायटर विमानाच्या नाकावर शिंप्याच्या अंगुस्तानासारखी टोपी आली ती ही फिरती तबकडी झाकायलाच.

आपल्या मिगचं दुखणं इथेच आहे. हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या मध्यावर शंकू, आणि रडार त्या शंकूत. तबकडी मोठी हवी तर शंकू मोठा, शंकू मोठा तर तोंडही मोठं. मिग-२१ च्या एफ-१३ या प्रकाराचं तोंड अरुंद दिसेल; त्यात फक्त तोफेच्या नेमासाठी अंतर मोजणारं छोटं रडार. नंतरचे प्रकार पीएफ आणि आपल्याकडे टाइप ७७ म्हणत ते एफएल यांचं तोंड रुंद, शंकू जाड. त्या शंकूवर टकटक मात्र करू नका. नवा असताना मी अंगठीच्या बोटाने केली होती आणि साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं होतं. रेडोमला, म्हणजे रडार झाकणाऱ्या या टोपीला, बारीक तडा गेला तरी पाणी शिरतं आणि रडार आंधळं होतं.

नाक धडाला शोभत नसेल तर ते बहुधा नमुना रडारचं चाचणीचं विमान. अमेरिकेने एएसजी-१८ रडारसाठी बी-५८ बाँबरला एवढं लांब नाक लावलं की लोक त्याला स्नूपी (कार्टूनमधला लांब नाकाचा कुत्रा) म्हणू लागले. एफ-२२ या लढाऊ विमानाचं नाक तर बोइंग ७५७ प्रवासी विमानाला जोडलं होतं.

आणि नाक अगदी शोभून दिसलं तरी रडार आत असेलच असं नाही. ब्रिटिश टॉर्नेडो एफ-२ हवाई दलात आलं तेव्हा त्याचं फॉक्सहंटर रडार तयारच नव्हतं. तोल सांभाळायला नाकात काँक्रीटचा ठोकळा बसवला. कित्येक ब्रिटिश रडारांना निळ्या रंगावरून सांकेतिक नावं द्यायची पद्धत होती, म्हणून वैमानिकांनी या ठोकळ्याचं नाव ठेवलं ब्लू सर्कल. तो तिकडचा सिमेंटचा ब्रँड.