जागतिक युवा दिनाला मुलांना घेऊन जाताना

दक्षिण कोरियातल्या सोलला ३ ते ८ ऑगस्ट २०२७ या काळात कॅथलिक तरुणांचा जागतिक युवा दिन भरणार आहे. गट नेणाऱ्या फादर, सिस्टर आणि युवा कार्यकर्त्यांनी सगळ्यात आधी एक ठरवावं: चाळीस मुलांचा एकच घोळका करायचा नाही. सहा-सात जणांची एक तुकडी आणि तिला एक मोठं माणूस. चाळीस डोकी गर्दीत मोजताना हमखास चुकतात. सातांत कोण नाही हे न मोजताही कळतं. जेवणाची रांग, मेट्रोचा डबा, पथारी, सगळं तुकडीनंच.

कागदपत्रं वर्षभर आधी तपासायला घ्या. पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने तरी शिल्लक हवी. नोंदणीतलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे; एकीकडे वडिलांचं नाव आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही काम अडतं. आयोजकांचं निमंत्रणपत्र म्हणजे व्हिसा नव्हे, हे पालकांना स्पष्ट सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडील दोघांच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतीपत्र घ्या आणि तातडीच्या उपचारांची परवानगी त्यातच लिहून घ्या. सोबतच्या फादरांनी आपल्या बिशपांकडून सेलेब्रेट, म्हणजे आपण मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) अर्पण करू शकतो याचा दाखला, घ्यावं. ओळख नसलेल्या धर्मप्रांतात मिस्सा अर्पण करताना ते मागितलं जातं.

एका मुलासोबत एकटं मोठं माणूस बंद खोलीत कधीही नको. कन्फेशन, म्हणजे फादरांपुढची पापांची कबुलीसुद्धा मोकळ्या जागी, चार लोकांना दिसेल पण ऐकू जाणार नाही असं. मोठ्यांची झोपण्याची जागा वेगळी, आणि मुलांशी रात्री खाजगी मेसेज नाहीत. हा नियम पालकांच्या बैठकीतच वाचून दाखवा, म्हणजे पुढे कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

मेट्रोत मुलं सुटतात ती दारापाशी. म्हणून घरीच सराव करून घ्या: तुकडीप्रमुख शेवटी चढतो, एक जाणता मुलगा पहिला. दार मध्येच बंद झालं तर पुढे गेलेल्यांनी लगेचच्या स्टेशनवर उतरून फलाटावरच थांबायचं. मागे राहिलेल्यांनी पुढची गाडी पकडून त्याच स्टेशनवर उतरायचं. कुणीही उलट दिशेची गाडी पकडायची नाही. दोघंही एकमेकांना शोधायला निघाले की तासन्‌तास चुकामूक होते. लाखोंच्या गर्दीत फोन लागेलच असं नाही, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड हवं: मुक्कामाचा पत्ता कोरियन लिपीत, प्रमुखाचा नंबर, ॲलर्जी, रक्तगट. रुग्णवाहिकेसाठी ११९, पोलिसांसाठी ११२.

खरी कसोटी शनिवारची जागरण-प्रार्थना. पोप महोदयांसोबत संध्याकाळची आराधना, रात्र उघड्यावर आणि रविवारी सकाळी समारोपाची मिस्सा. २०२३ साली लिस्बनला या मिस्सेसाठी सुमारे १५ लाख लोक जमले होते, यावरून गर्दीचा अंदाज घ्या. दुपारी लवकर पोहोचा, उशिरा गेलात तर तुकड्या एकत्र बसवायला जागा उरत नाही. प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी, चटई, पातळ स्लीपिंग बॅग, टोपी, टॉर्च आणि एक मोठं प्लास्टिक. पहाटेचं दव खालूनही भिजवतं. आपल्या जागेवर उंच काठीला रंगीत फडका बांधा. शौचालयाला तिघांनी मिळून जायचं, आणि आराधना सुरू होण्याच्या बऱ्याच आधी. नंतरच्या रांगा पाहून मुलं पाणी प्यायचंच सोडतात आणि उन्हात चक्कर येते ती त्यामुळेच. सोलचा ऑगस्ट उष्ण आणि दमट असतो, तेव्हा ओआरएसच्या पुड्या हाताशी असू द्या.

पायाचे फोड हलक्यावर घेऊ नका. कातडी लाल होऊन चुरचुरायला लागली की तिथंच थांबून, पाय कोरडा करून चिकटपट्टी लावायची. ‘मुक्कामावर गेल्यावर बघू’ म्हटलं की फोड आलाच. आलेला फोड फोडू नये, वरची कातडी काढू नये. बूट निघायच्या आधी महिनाभर वापरून मऊ केलेले असावेत.

या सगळ्या धावपळीत रोज रात्रीची वीस मिनिटं मात्र कशालाही देऊ नका. तुकडी गोल बसते, योहानाच्या शुभवर्तमानातलं १६:३३ हे या मेळाव्याचं वचन वाचलं जातं आणि ‘आज देव कुठं भेटला?’ एवढंच विचारलं जातं. ज्याला बोलायचं नाही त्याला बोलायला लावू नका. घरच्या आठवणीनं किंवा प्रार्थनेत भारावून रडणारं मूल असेल तर उपदेश नको. शेजारी बसा, पाणी द्या, आणि दुसऱ्या दिवशी फादरांना त्याच्यासाठी निवांत वेळ काढायला सांगा.

रविवारी मिस्सा संपली की लगेच उठू नका. सगळे एकाच वेळी दाराकडे निघतात, रेटारेटी तिथंच होते. तासभर तरी बसून खा, गाणी म्हणा, जागा साफ करा. मग तुकडी-तुकडीनं हजेरी घ्या आणि सातही जण डोळ्यांसमोर असल्याशिवाय पहिलं पाऊल टाकू नका.