आवाहन असं लिहा की लोक खरंच येतील

सोसायटीत रक्तदान शिबिर असलं की ग्रुपवर ठरलेला मेसेज पडतो : ‘रक्तदान हेच श्रेष्ठ दान. बहुसंख्येने उपस्थित राहावे.’ पन्नास जण हात जोडतात, रविवारी पाच येतात. हे बदलता येतं. लोक कशामुळे हलतात, यावर मानसशास्त्रात भक्कम प्रयोग झालेत.

1. एकाच माणसाबद्दल लिहा. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मालीतल्या रोकिया या सात वर्षांच्या मुलीची हकिकत वाचून लोकांनी सरासरी 2.38 डॉलर दिले. नुसती उपासमारीची आकडेवारी वाचून 1.14. हकिकतीला आकडेवारी जोडली, तर 1.43! म्हणून रक्ताच्या तुटवड्याचे टक्के गाळा. थॅलेसेमियामुळे दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागणाऱ्या एका मुलाबद्दल लिहा. मुलगा खरा हवा आणि त्याच्या आईवडिलांची परवानगीही हवीच.

2. ‘गेल्या वेळी कुणी फिरकलं नाही’ हे लिहू नका. अ‍ॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानातून लोक अश्मीभूत, म्हणजे दगड झालेलं, लाकूड उचलून नेतात. तिथे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी पाट्या बदलून पाहिल्या. ‘पूर्वी अनेकांनी अश्मीभूत लाकूड नेलं’ असं सांगितलं तिथे संशोधकांनी खूण करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास 8 टक्के चोरीला गेले. फक्त ‘नेऊ नका’ म्हटलं तिथे 2 टक्क्यांहून कमी. तक्रारीतून वाचकाला एवढंच कळतं, की न येणं चालतं.

3. वेळ, जागा, वाट सांगा. माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्यावी. 1965 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या येल विद्यापीठात विद्यार्थ्यांना धनुर्वाताची पत्रकं दिली. भीतिदायक पत्रक वाचून लस घ्यावीशी अनेकांना वाटली, पण नुसत्या पत्रकावर प्रत्यक्ष गेले 3 टक्के. पत्रकासोबत आरोग्य केंद्राचा नकाशा, वेळा आणि ‘आपल्या वेळापत्रकात कधी जमेल ते ठरवा’ एवढं जोडलं, तेव्हा 28 टक्क्यांच्या आसपास गेले. शेवटच्या वर्षाची मुलं ती. केंद्र कुठे आहे हे त्यांना ठाऊकच होतं!

तेव्हा मेसेज असा करा :

‘रविवारी सकाळी 9 ते 1, बी विंगच्या तळमजल्यावर. नाश्ता करून या, उपाशीपोटी नको. साधारण अर्धा-पाऊण तास लागेल. तुम्ही 9, 10, 11 की 12 वाजता येताय? इथेच आकडा लिहा.’