इंदुरात घरच्या घरी क्यूट स्टेशनरीचा व्यवसाय: सुरुवात वाणापासून करा

हाताने केलेल्या वह्या, स्टिकर, बुकमार्क विकायचं मनात आलं की बहुतेक जणी आधी इन्स्टाग्रामचं पान उघडतात आणि नाव-लोगो ठरवण्यात महिना घालवतात. माझं म्हणणं, ते नंतर करा. आपल्या इंदुरात पहिलं गिऱ्हाईक रामबागेत किंवा सुदामानगरात, शेजारच्याच जिन्यावर असतं: संक्रांतीचं हळदीकुंकू करणाऱ्या काकू. त्यांना एकसारख्या पन्नास वस्तू एकदम लागतात आणि तेच ते प्लास्टिकचे डबे वाटून त्या कंटाळलेल्या असतात.

म्हणून आधी एकच वस्तू निवडा आणि ती नीट जमेपर्यंत दुसरीला हात लावू नका. मी ए-६ म्हणजे तळहाताएवढी वही निवडली. कागद आणि पुठ्ठा खजुरी बाजारात मिळतो. ए-४ चे दहा कागद अर्धे कापा, वीस तुकडे होतात. पाच-पाच तुकडे एकात एक दुमडून चार जुड्या करा आणि दोऱ्याने शिवा. झाली ८० पानांची वही. हाच आकार का, तर कागदाला धागा असतो, म्हणजे त्यातले तंतू एकाच दिशेने असतात. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा, जी घडी सहज वळते तिच्या रेषेत त्याचा धागा. घडी धाग्याच्या दिशेने पडली तर वही सपाट उघडते. साध्या ए-४ कागदात धागा बहुधा लांबीला असतो, त्यामुळे ए-६ ची घडी बरोबर बसते. ए-५ ची मात्र आडवी पडते आणि वही फुगलेली राहते.

मुखपृष्ठासाठी माहेश्वरी साडीच्या शिलाईतून उरलेली कापडं वापरा. महेश्वर इथून शंभर किलोमीटरच्या आत आहे आणि ब्लाउज शिवणाऱ्या टेलरकडे कातरणं निघतातच. लहर किंवा चटईच्या काठाची एक पट्टी पुठ्ठ्यावर आली की वही उठून दिसते. एक सांभाळा, हे कापड विरळ असतं. माझ्या पहिल्या बारा वह्यांवर गोंद वर झिरपला आणि कापडावर तेलकट डाग दिसायला लागले. एकही विकता आली नाही. तेव्हापासून कापडाला मागून पातळ कागद चिकटवते, तो वाळू देते, मग पुठ्ठ्यावर लावते आणि रात्रभर पाटा-वरवंट्याखाली दाबून ठेवते.

किंमत ठरवताना बायका स्वतःची मेहनत धरत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. हिशेब असा मांडा: सामान २४ रुपये, पिशवी आणि चिठ्ठी ५, वेळ २५ मिनिटं. तासाला ८० रुपये धरले तर मजुरी ३३. वही घरातच ६२ रुपयांना पडली. ती ६० ला देऊन ‘ऑर्डर मिळाली’ म्हणू नका, ८० सांगा. काकूंना तेवढं जमणार नसेल तर मध्ये दोन पिना मारलेली, पोहे-जिलेबीचं चित्र असलेली किराणा यादीची छोटी वही दाखवा. ती पाच मिनिटांत होते आणि वाणाच्या बजेटात बसते. चित्र स्वतः काढा. कार्टूनमधलं पात्र किंवा नेटवरून उचललेलं चित्र छापून विकणं कायद्यात बसत नाही.

कागदपत्रांचं फार मनावर घेऊ नका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होते, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. राज्यातल्या राज्यात माल विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी लागत नाही. राज्याबाहेर पाठवायचं झालं तर नियम बदलतात, आधी सीएला विचारा.

कापडं दसऱ्यापासून जमवा, नमुने दिवाळीच्या फराळाला आलेल्यांच्या हातात द्या, ऑर्डर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद करा. निम्मे पैसे आगाऊ घ्या, ओळखीत तर नक्कीच. आणि रथसप्तमी झाली की उरलेल्या वह्या रंगांप्रमाणे लावून मोजा. दोन वर्षं माझ्याकडे राखाडी आणि करडाच उरला. आता टेलरकडून मी फक्त हळदी, राणी आणि मोरपंखी कातरणं आणते.